तिसऱ्या घंटेआधी

दुसरी घंटा झाली आणि पारिसा पाणी प्यायला म्हणून मागे निघाला.

"घसा कोरडा पडलाय, ताई. आलोच."

"आत्ता? दाढी भिजवू नकोस हं. गोंद सुटला तर पहिल्या अंकातच तरुण होशील," मी म्हणाले.

तो हसला नाही. प्रयोगाआधी तो कधीच हसायचा नाही. मी उजव्या विंगेत माझ्या नेहमीच्या खोक्यावर बसले होते, मांडीवर नाटकाची वही उघडी. इचलकरंजीच्या आमच्या हौशी नाट्यमंडळात मी प्रॉम्प्टर. दिवसभर शाळेत चौथीच्या वर्गावर ओरडायचं आणि संध्याकाळी तालमीत कुजबुजायचं, असा माझा संसार. नवरा म्हणायचा, "बाकीच्यांच्या बायका नाटकात जातात तर निदान तोंड तरी दिसतं. आमचीचा नुसता फुसफुस आवाज."

त्या दिवशी सांगलीला राज्य स्पर्धेचा प्रयोग होता, दुपारचा. पडद्यापलीकडे खुर्च्या वाजत होत्या. मी मागे वळून पाहिलं तर नेपथ्याच्या फटीतून मागचं दार दिसलं. दारात आमचे दिग्दर्शक होनप सर उभे होते आणि धुळीनं माखलेल्या शर्टातला एक माणूस त्यांच्याशी हातवारे करून बोलत होता. लाइटवाल्याचा कोणी असेल म्हणून मी मान वळवली.

पारिसा परत आला. हातात स्टीलचा ग्लास, काठोकाठ भरलेला. तो त्यानं माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "तिसरी घंटा द्या म्हणावं. कशाची वाट बघायलेत?"

"सर सांगतील तेव्हा."

"मी सांगतोय ना! द्या म्हणावं!"

आमच्यात तिसरी घंटा सरांच्या शब्दाशिवाय व्हायची नाही. पंधरा वर्षांत झाली नव्हती. पण मुख्य नट अंगावर ओरडतोय म्हटल्यावर घंटेजवळचा माणूस गडबडला आणि त्यानं बटण दाबलं. सर धावत विंगेत आले, तोवर पडदा हलायला लागला होता. त्यांनी एकदा पारिसाकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटलं, घंटेवरून चिडलेत.

नाटकाचं नाव 'कडी'. मूळ गोष्ट म्हणे फ्रेंच. होनप सर कॉलेजात इंग्रजी शिकवायचे, आणि फ्रेंच लोकांच्या कादंबऱ्यांची इंग्रजी भाषांतरं आणून वाचायचं त्यांना वेड होतं. 'कडी'तला एक पहारेकरी बंदरावरच्या कोठीत एकटा राहतो. वादळाच्या दिवशी कोणीतरी दार वाजवतं. हा कडी काढत नाही. वादळ ओसरल्यावर बघतो तर दारात माणूस मरून पडलेला. कोणी पाहिलेलं नाही, कोणी दोष देत नाही, आणि हा मात्र गावभर हिंडत राहतो, मला शिक्षा करा म्हणून. माझ्या नवऱ्यानं गोष्ट ऐकून एवढंच विचारलं होतं, "गाणी किती आहेत?"

तालमीत सर जीव तोडून समजावायचे. "असं धरून चला, की वर कोणी हिशेब ठेवायला बसलेला नाही. नशीब नाही, चित्रगुप्त नाही. मग जे केलं त्याचं माणसानं काय करायचं?"

पारिसा आवटी सुताला खळ देणाऱ्या साइझिंग कारखान्यात सुपरवायझर. शिक्षण बेताचं, पण आवाज असा, की शेवटच्या रांगेतल्या माणसाला वाटावं, हा माझ्याच कानाशी बोलतोय. तो म्हणाला होता, "सर, आम्हा जैनांत कर्म अंगाला चिकटतं म्हणतात. धुळीसारखं."

"मग ते झटकायचं कोणी?"

"ज्याचं त्यानंच. दुसऱ्याला येत नाही ते."

सर टाळी वाजवून उठले होते. "अहो शालनबाई, बघा! यासाठी त्या लोकांनी एवढी पानं खर्च केली!"

पारिसाच्या आईला आम्ही सगळे अक्का म्हणायचो. तालमीला फोडणीचे पोहे पाठवायच्या, पण नाटक त्यांना फुकट गेलेला वेळ वाटे. एकदा सगळ्यांसमोर त्यांनी पारिसाला सुनावलं होतं. "हा आवाज काय दाढ्या लावून बोंबलायला दिलाय होय रे? मी जाईन तेव्हा माझ्या कानात णमोकार तूच म्हणायचास. सूनबाईनं नाही, महाराजांनी नाही. तू. तेवढ्यासाठी वाढवलाय तुला." आम्हा जैनांत जाणाऱ्या माणसाच्या कानात णमोकार मंत्र सांगतात. तो ऐकत ऐकत जीव जावा, यापरतं दुसरं मागणं नसतं. पारिसानं हसत हसत आईच्या पायाला हात लावला होता. "म्हणीन गं. आधी प्रयोग तर होऊ दे."

आणि प्रयोग झाला. कसा झाला म्हणून सांगू! दार वाजण्याचा प्रसंग आला. बाहेर थाप पडते, पहारेकरी उठतो, कडीवर हात ठेवतो आणि म्हणतो, "एवढ्या वादळात माझं कोणी नाही." पारिसा उठला, त्यानं कडीवर हात ठेवला, आणि थांबला. वाक्य येईना. अडला की तो नेहमी डोळ्यांच्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघायचा. मी पहिला शब्द दिला. घेतला नाही. पुन्हा दिला. तो सरळ माझ्याकडे बघत होता आणि ऐकत नव्हता. बाहेरची थाप पुन्हा पडली. प्रेक्षागृहात खोकल्याचाही आवाज नाही. मग त्यानं कडीवरचा हात काढला आणि वाक्य इतकं हळू म्हटलं, की माझ्या अंगावर काटा आला. तालमीत एकदाही असं झालं नव्हतं.

पडदा पडला तरी टाळ्या थांबेनात. पडद्याआड सगळे एकमेकांना मिठ्या मारत होते, आणि सर मात्र भिंतीला टेकून उभे. ते पुढे आले.

"पारिसा, अक्कांचं बरं नाहीये. तुझा शेजारी बाबू आलाय. मोटारसायकल घेऊन. लगेच नीघ."

"कधी आला?"

सर खोटं बोलू शकले असते. "तिसऱ्या घंटेआधी," ते म्हणाले. "मी त्याला कँटीनमध्ये बसवून ठेवलं."

पारिसानं त्यांची कॉलर धरली. दाढी अर्धी निघालेली, रंग घामानं ओघळलेला. "तुम्ही माणूस आहात का कोण? माझी आई तिकडं मरायलीय आणि तुम्ही मला इथं नाचवलंत!" चौघांनी मिळून सोडवलं. तो तसाच, तोंडावरच्या रंगासकट, बाबूच्या मागे बसून गेला.

अक्का त्याच्या आधीच गेल्या होत्या. कानात णमोकार सुनेनं, सुनंदानं म्हटला. तिनं मला नंतर सांगितलं, "वहिनी, त्यांचं लक्षच नव्हतं मंत्राकडं. दाराची कडी वाजली की मान वळवायच्या. म्हणायच्या, आला काय?"

आम्हाला पहिलं बक्षीस मिळालं. त्या कडीजवळच्या थांबण्याबद्दल परीक्षकांनी पारिसाचं नाव घेऊन कौतुक केलं. बक्षीस घ्यायला ना तो गेला, ना सर. मंडळ तिथंच मोडलं.

गावात होनप सरांबद्दल दोन तट पडले. एक शिव्या देणाऱ्यांचा. त्याचं सरांना काही वाटत नसावं, उलट मान खाली घालून ऐकून घ्यायचे. दुसरा समजूत घालणाऱ्यांचा, आणि तो त्यांना सोसवेना. कोणी म्हणालं, "आयुष्याची दोरी तेवढीच होती, सर. तुमच्या हातात काय होतं?" तर ते भर चौकात ओरडले, "माझ्याच हातात होतं! मी तिथं उभा होतो!" पारिसाच्या दारात जाऊन उभे राहायचे. तो दार लावून घ्यायचा. परत दुसऱ्या दिवशी जायचे. पोरं मागून 'कडी, कडी' म्हणून ओरडायला लागली. कॉलेजात तास घेताना मध्येच गप्प व्हायचे, आणि शेवटी त्यांनी राजीनामा लिहिला असं कानावर आलं.

माणूस एकटा, बायको कधीचीच गेलेली. मी भाकरी आणि वांग्याची भाजी डब्यात घालून त्यांच्याकडे गेले. दार सताड उघडं होतं. पुस्तकं जमिनीवर पसरलेली, आणि सर त्यांच्यामध्ये बसलेले. गालफडं आत गेली होती.

"जेवा आधी," मी म्हणाले.

"शालनबाई, तुम्ही तर विंगेतच होता. मला अडवलं का नाही?"

"मला काय स्वप्न पडलं होतं? ऐकू तर यायला हवं. तुम्ही दोघं तिकडं मागच्या दारात, पाण्याच्या पिंपापाशी…"

बोलता बोलता माझी जीभ अडली. पिंप त्या दारातच होतं. आणि पारिसा पाणी प्यायला गेला होता. भरलेला ग्लास घेऊन परत आला होता, घसा कोरडा पडलेला माणूस, आणि एक थेंब न पिता तो त्यानं माझ्या हातात दिला होता.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"काही नाही. भाकरी गार व्हायच्या आत खा," म्हणून मी उठले. चपला अडकवल्या आणि थेट पारिसाकडे निघाले.

पारिसा घराच्या कट्ट्यावर बसला होता. मला बघून उठला. "या ताई, चहा टाकायला सांगतो."

"चहा राहू दे. त्या दिवशी दुसऱ्या घंटेनंतर पाणी प्यायलास काय रे तू?"

"कुठलं पाणी?"

"पिंपावर गेलास ते. जिथं बाबू सरांशी बोलत होता."

त्यानं आधी घराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "इथं नको. बस्तीवर चला."

बस्ती म्हणजे आमचं देऊळ. दुपारचं तिथं कोणी नव्हतं. तो पायरीवर बसला आणि बराच वेळ फरशीवर बोट फिरवत राहिला. वाट बघण्याची मला सवय आहे.

"ऐकलं हुतं," तो म्हणाला.

"काय ऐकलंस?"

"सगळं. बाबू म्हणाला, अक्कांचं काय खरं दिसंना, पारिसाला बोलवायल्यात, लगेच पाठवा. आणि सर म्हणाले, तू बस, मी सांगतो." त्यानं मान वर केली. "ताई, मी नेपथ्याच्या फळीमागं उभा राहून काय म्हणत होतो, माहिती आहे? सर, सांगू नका. सांगू नका. सांगितलं असतं तर जायला लागलं असतं ना मला. न सांगता जर निघालो असतो तर… नाही, तसंही जाता आलं असतं. दार तिथंच होतं."

"मग?"

"मग काय? घंटा मागितली. सरांचं मन बदलायच्या आत पडदा जाऊ दे म्हणून. अक्का याआधीपण अशी दोन-तीनदा घाबरी झालेली. म्हटलं, दोन तास. दोन तासांत काय होतंय? आयुष्यात एकदा असा रोल मिळतो, ताई."

"आणि कडीजवळ थांबलास ते?"

"निघालो हुतो," तो म्हणाला. "खरंच निघालो हुतो. पाय उचलत होता. तुम्ही शब्द देत होता ते ऐकू येत होतं. मग समोर बघितलं. सगळं थिएटर श्वास धरून बसलेलं. आणि मला… मला बरं वाटलं, ताई."

मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. चौथीच्या पोराला देते तशी. "आणि वर त्या म्हाताऱ्या माणसाची कॉलर धरलीस? चारचौघांत? तो तिकडं अन्न सोडून बसलाय, नोकरी सोडायलाय, रोज तुझ्या दारात येऊन उभा राहतोय, आणि तू आतनं दार लावून घेतोस?"

"कोणाची तरी धरायला हवी हुती. स्वतःची धरता येत नाही." मग तो रडायला लागला, त्या भल्यामोठ्या आवाजाला न शोभेल असं, चिरकं.

मी त्याला रडू दिलं. मग म्हणाले, "ऊठ."

"कुठं?"

"कुठं म्हणून काय विचारतोस? सरांकडं. त्यांच्या डोक्यावरचा धोंडा उतरव. तुला माहीत होतं, तू आपल्या पायांनी रंगमंचावर गेलास, हे त्यांना कळू दे. माणूस जगेल तरी."

तो आला. वाटेत दोनदा थांबला, पण आला. खरं सांगते, मी मनातून खूश होते. मला वाटत होतं, आता सुटलं. सर ऐकतील, डोळे पुसतील, राजीनामा फाडतील, दोघं गळ्यात पडतील. मी तर मंडळ पुन्हा उभं करायच्या गोष्टीसुद्धा मनात मांडायला लागले होते.

डबा मी ठेवला तिथंच होता, उघडलेला नव्हता. पारिसाला दारात बघून सर धडपडत उठले. पारिसा उंबऱ्यातच खाली बसला आणि मान खाली घालून त्यानं सगळं सांगितलं. फळीमागं उभा राहिल्याचं, घंटेचं, कडीजवळचं. काही लपवलं नाही. शेवटी म्हणाला, "तुमचा काही दोष नाही, सर. तुम्ही सांगितलं असतंत तरी… मला माहीतच होतं."

सरांनी चष्मा काढला. "एक सांग. तू ऐकलंस, हे मला तेव्हा माहीत होतं का?"

"नाही."

"मग माझं काय कमी झालं?"

पारिसानं चमकून वर पाहिलं. मी मध्ये पडले. "अहो सर, काय बोलताय? त्याला माहीत होतं! तुम्ही सांगितलं काय, न सांगितलं काय, फरक काय पडला?"

"अक्कांना फरक पडला नाही, शालनबाई. मला पडला." ते चिडलेले नव्हते. मुलाला गणित समजवावं तसं सांगत होते. "बाबू बोलत होता तेव्हा मी मनात काय मोजत होतो, सांगू? याच्या जागी कोण उभा राहील. कोणी नाही. मग नाटक गेलं. वीस वर्षांनी हातात आलेलं नाटक. एका म्हातारीचा जीव आणि माझं नाटक तराजूत घातलं, आणि बघून-सवरून नाटक उचललं. मी ते केलं. पारिसा फळीमागं होता का घरी होता, त्यानं ते पुसलं जात नाही."

"मग मी कशाला आलो?" पारिसा म्हणाला. "मला वाटलं, तुमचं वजन उतरंल. निदान तेवढं तरी."

"माझं मला राहू दे. तुझं तू घे. वाटून घ्यायला ही काय शेतजमीन आहे?"

"मग मला शिव्या द्या. मारा. काहीतरी करा, सर."

"तेच मी रोज तुझ्या दारात मागत होतो," सर म्हणाले. "तू दार उघडलं नाहीस, ते बरं झालं. उघडून तू मला मारलं असतंस, तर मी सुटलो असं समजून घरी येऊन झोपलो असतो."

मी भिंतीला टेकून उभी होते. मला दोघांचाही राग आला होता, आणि दोघांच्याही जवळ जाऊन बसावंसंही वाटत होतं. काय करावं कळेना. बाहेर कोणाच्या तरी मागाची खटखट चालली होती.

सरांनी चष्मा परत लावला. "अक्कांच्या कानात काय म्हणायचं होतंस तू?"

"णमोकार."

"म्हण."

"आता? आता कोणाच्या कानात म्हणू?"

"ते मला विचारू नकोस. तुझं राहिलंय ना म्हणायचं? मग म्हण."

पारिसा मांडी घालून बसला. हात जोडले. पहिलं पद त्यानं म्हटलं, त्या नेहमीच्या भरलेल्या आवाजात, छतापर्यंत जाईल असं. आणि तिथंच अडला. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. त्यानं डोळ्यांच्या कोपऱ्यातून माझ्याकडे पाहिलं.

इतकी वर्षं मी त्या नजरेला शब्द देत आले होते. झोपेतून उठवून कोणी तसं पाहिलं असतं तरी दिला असता. आणि दुसरं पद मला येत होतं. आमच्यात शेंबड्या पोरालाही येतं. ते माझ्या जिभेवर आलं होतं.

मी ओठ घट्ट मिटून घेतले.

तो बघत राहिला. मग त्याला कळलं असावं, कारण त्यानं माझ्यावरची नजर काढली आणि डोळे मिटले. सर त्याच्याकडे बघत नव्हते, जमिनीकडे बघत होते. मागाची खटखट थांबली, पुन्हा सुरू झाली.

आणि मग त्यानं दुसरं पद म्हटलं. इतकं हळू, की पहिल्या रांगेतसुद्धा ऐकू गेलं नसतं.